उणे सहा

माझा काउंटर ग्रंथालयाच्या तळघरात, जिन्याच्या पोटाशी.
मी कोट घेते, पितळी बिल्ला देते.
वर कोण लेखक आलाय ते मला कोटांवरून कळतं:
प्रवासवर्णन असेल तर रंगीत जाकिटं,
कवी असेल तर तीच ती अकरा माणसं,
बाह्यांची अस्तरं उसवलेली.

हेल्दुर किविसिकचा कोट ओल्या कुत्र्यासारखा जड.
बिल्ला त्याला एकोणचाळीसच लागायचा.
का, ते मी कधी विचारलं नाही.
हातात कापडी पिशवी, तिच्यात
मेणकागदात गुंडाळलेलं एकच पुस्तक.

बाकीचे संग्राहक चार-चार प्रती आणायचे.
नाव नको, म्हणायचे, नुसती सही करा
(नाव घातलं की भाव पडतो म्हणे).
हेल्दुर रांगेत मुद्दाम शेवटचा.
माझंही नाव नको, तो सांगायचा,
आज घरातून निघालात तेव्हा
हवा कशी होती, तेवढं लिहा.

एकीनं लिहिलं, "आठवत नाही, क्षमा असावी."
एका जाड्या कादंबरीकारानं
पाऊण पान भरून धुकं लिहिलं,
आणि दिवे मालवायला थांबलेल्या शिपायानं
दोनदा किल्ल्या वाजवल्या.

मग हेल्दुर खाली यायचा,
शाई वाळायची म्हणून पुस्तक उघडंच धरून,
भाजलेलं बोट धरावं तसं.
कोट मागायच्या आधी मला वाचून दाखवायचा:
"पार्नू. दक्षिणेचा वारा. धक्क्यावर मासळीचा वास. उणे दोन."
चाळीस वर्षं दुधाच्या कारखान्यात
टाक्यांचे थर्मामीटर वाचलेला माणूस.
मान हलवायचा. "उणे चार असणार.
लेखक लोक अंदाजानं सांगतात."

फेब्रुवारीत एक पोरगा आला. पहिलंच पुस्तक, निळं, बारीक.
टाळ्या खालपर्यंत पोचल्या नाहीत.
थोड्या वेळानं तो हेल्दुरबरोबरच जिना उतरला,
पेन हातात, टोपण दातांत.
म्हणाला, मी इथलाच, पलीकडच्या गल्लीतला.
पण आज सकाळपासून एवढी धडधड होती
की खिडकीबाहेर पाहिलंच नाही.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
मी तरी कुठे पाहिलं होतं? मी तळघरात.
मग तशीच, इतक्या कोटांमधून, कोट न घालता,
मागचं दार ढकलून बाहेर गेले.
सायकलींच्या खोगिरांवर, कचऱ्याच्या पिंपावर,
दिव्याखाली. बराच वेळ उभी राहिले असेन.
आत येऊन दिसलं ते सांगितलं.
पोरानं लिहून घेतलं.
हेल्दुर म्हणाला, आकडा?
मी म्हटलं, आकडा नाही, कान दुखले.

त्यानंतर एकोणचाळीस खुंटीवरच राहिला.
एप्रिलमध्ये त्याची भाची सात खोकी घेऊन आली.
ग्रंथालयाकडे ही सगळी पुस्तकं होतीच,
हवामान नसलेली, स्वच्छ.
म्हणून खोकी जिन्यापाशी, पन्नास सेंटच्या टेबलावर.
संग्राहक आले, सही बघून हरखले,
खालचा पाऊस बघून घोटाळले.
भाव ठरवता येईना त्यांना.

निळं पुस्तक तिसऱ्या खोक्यात, तळाशी.
पहिल्या पानावर पोराचं तिरकं अक्षर:
"बर्फ पडतोय, पण खाली यायचं की नाही
हे त्याचं अजून ठरत नाहीये.
— कोट सांभाळणाऱ्या माइमूच्या सांगण्यावरून."
त्याखाली सही.
सहीखाली पेन्सिलीनं, अगदी बारीक:
"उणे सहा. घरी जाऊन पाहिलं.
माइमूचं बरोबर आहे."

टेबलावरच्या मुलीनं पान उलटलं.
म्हणाली, यात कुणीतरी खरडलंय हो,
वरून कोरी प्रत आणून देऊ?